शब्दचर्चा: ‘एअरलिफ्ट’ला मराठीत काय म्हणायचं?

खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात सव्वीस जानेवारीला एक भित्तिपत्रक लावायचं आहे. गावातले एक काका हवाई दलातून वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झाले. (गावात लष्करातून आलेल्या प्रत्येकाला सुभेदार म्हणतात आणि काका दर वेळी न चिडता दुरुस्त करतात.) त्यांची सगळी नोकरी मालवाहू विमानांवर झाली. म्हणून विषय ठरला, हवाई दलाच्या १२ नंबर स्क्वाड्रनचा, म्हणजे विमानांच्या तुकडीचा, इतिहास. मजकूर मी लिहितेय आणि पहिल्याच वाक्यात अडकलेय:

‘२७ ऑक्टोबर १९४७ च्या पहाटे १२ नंबर पलटणीच्या डकोटा या मालवाहू विमानांनी १ शीख बटालियनच्या जवानांची श्रीनगरला हवाई वाहतूक केली.’

काकांना ‘पलटण’ खटकली, मला ‘एअरलिफ्ट’साठी घातलेली ‘हवाई वाहतूक’. वाहतूक म्हटलं की आता कोंडी आणि पोलीस डोळ्यांपुढे येतात. काश्मीरवर टोळीवाल्यांचा हल्ला चालू होता. त्या दिवशी श्रीनगरचा विमानतळ आपल्याच हातात आहे की नाही, हेसुद्धा नक्की ठाऊक नसताना विमानं उतरली. बटालियनचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल दिवाण रणजित राय त्याच दिवशी लढताना पडले. त्या प्रसंगाला हा शब्द फार पातळ वाटतो. जाणकारांनी सुचवावं.

बेळगाव, कॅम्प भागातून:
ताई, काकांचं बरोबर आहे. आमच्या घरी तीन पिढ्या मराठा लाइट इन्फंट्रीत, त्यामुळे या शब्दाबद्दल बोलायचा थोडा हक्क सांगतो. ‘पलटण’ इंग्रजी प्लॅटूनवरून आली, ती फ्रेंच पलोताँवरून. पण आपल्याकडे येताना ती वाढली. प्लॅटूनमध्ये तीसेक माणसं, तर आपली पलटण म्हणजे आख्खी बटालियन. १७६८ ची ‘जंगी पलटण’ म्हणजे आजची पहिली मराठा. हा शब्द पायदळाचा आहे. घोडदळाला रिसाला होता, पागा होती. विमानांना यातलं काहीच शोभत नाही. ‘पथक’ घ्यावं, तर ‘भरारी पथक’ दहावीच्या परीक्षेतली कॉपी पकडायला केव्हाच नेमलं गेलंय! स्क्वाड्रन तशीच ठेवा. इथे बेळगावजवळ सांबऱ्याला हवाई दलाचं ट्रेनिंग स्कूल आहे, त्यामुळे आजूबाजूच्या गावांत हा शब्द कुणाला परका नाही.

चिकोडीहून:
‘हवाई उचल’ असं एका लेखात वाचलं होतं. तेवढं मात्र करू नका. आमच्याकडं उचल म्हणजे ऊसतोडीच्या टोळीला हंगामाआधी दिलेली रक्कम. ती उचल फिटता फिटत नाही, हे ज्यांनी बघितलंय त्यांना भिंतीवर हा शब्द वाचून भलतंच आठवेल.

निपाणीहून:
जुन्या फौजांच्या मागचे शब्द बघा. ‘रसद’ फारसीतून आली, म्हणजे दाणागोटा. ‘कुमक’ तुर्कीतून, म्हणजे मदतीला धाडलेलं सैन्य. दख्खनमध्ये फौजेचं धान्य लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवरून आणत. मोठमोठ्या मोहिमा त्या बैलांच्या चालीनं चालायच्या, आणि वाहणाऱ्यांना मान मात्र कमी. बिनलढाऊ लोकांना ‘बुणगे’ म्हणायचे, आजही तो हेटाळणीचाच शब्द आहे. ‘बारगीर’मधला ‘बार’ म्हणजे ओझं, बारदानातला तोच. फारसीत ओझं वाहणाऱ्या जनावराला बारगीर म्हणत, मराठी फौजेत तो सरकारी घोड्यावरचा स्वार झाला. ओझ्यातून निघून मानाला पोचलेला तेवढाच एक शब्द मला माहीत आहे. तुमच्या स्क्वाड्रनसाठी तो सुचवत नाही, पण भित्तिपत्रकात कुठेतरी या मंडळींची आठवण असू द्या.

पुन्हा मी, खानापूरहून:
सगळ्यांचे मनापासून आभार. रसद आणि कुमक हे दोन शब्द हाती लागल्यावर वाक्यं आपोआप सुटायला लागली. श्रीनगरला नेली ती कुमक. त्याच लढाईत जम्मू-काश्मीरमधल्या पूंछला वेढा पडला, तिथे निर्वासितांच्या श्रमातून धावपट्टी तयार झाली, तिच्यावर उतरली ती रसद. इंग्रजीत दोन्हीला एकच ‘एअरलिफ्ट’.

तरी नेण्याच्या क्रियेचं नाव उरलंच होतं. ते काल काकांच्या ओसरीवर सापडलं. मी त्यांना लडाखमधल्या दिवसांबद्दल विचारत होते. ते म्हणाले, ‘हवा बरी असली की दोन खेपा व्हायच्या. ढग आले की एक सुद्धा नाही.’

खेप! ही इतका वेळ कशी सुचली नाही? विहिरीवरून पाण्याच्या खेपा, शेतात शेणखताच्या खेपा. आई म्हणायची, ‘दोन खेपांत हंडा भरतो.’ रिकामं जायचं, भरून यायचं, पुन्हा जायचं. ओझं, अंतर आणि पुन्हा पुन्हा जाणं, तिन्ही या एका शब्दात आहेत. ‘उड्डाण’ लढाऊ विमानही करतं, खेप मात्र वाहणाऱ्याचीच. शिवाय मूळ संस्कृत ‘क्षेप’, म्हणजे फेकणं. जिथे उतरता येत नाही तिथे पोती आणि पेट्या छत्रीनं खाली टाकतात, ते कामही शब्दाच्या मुळातच आहे.

आता मजकूर असा झालाय. स्क्वाड्रन १ डिसेंबर १९४५ ला कोहाटला उभी राहिली, तेव्हा तिच्याकडे स्पिटफायर ही लढाऊ विमानं होती. पुढच्याच वर्षी डकोटा आली आणि ती हवाई दलातली पहिली वाहतूक स्क्वाड्रन झाली. (इथे ‘वाहतूक’ ठेवलाय, कारण ते कामाच्या प्रकाराचं नाव आहे.) मग श्रीनगरची कुमक, पूंछच्या खेपा, आणि २४ मे १९४८ ला एअर कमोडोर मेहर सिंग यांनी जनरल थिमय्यांना सोबत घेऊन लेहला उतरवलेली डकोटा. साडेदहा हजार फुटांहून उंच अशी ती जागा, आधी त्या वाटेनं कुणी विमान नेलेलं नाही. त्या पहिल्या खेपेनंतर लेहला खेपांचा रस्ता झाला.

कॅम्पातल्या दादांसाठी एक मजकूर खास वाढवलाय. ११ डिसेंबर १९७१ ला, बांगलादेशच्या युद्धात, टांगाइलजवळ पुंगली पुलासाठी जे छत्रीसैनिक उतरले, ती २ पॅरा. आधीची ती ३ मराठा लाइट इन्फंट्री. त्यांना नेणाऱ्या विमानांत एएन-१२, पॅकेट, कॅरिबू होती आणि डकोटाही होत्या. आपल्या रेजिमेंटची पलटण आणि खेपा करणारी विमानं त्या दुपारी एकाच आकाशात होती, म्हणून ते पत्रकावर हवंच.

बेळगाव, कॅम्प भागातून:
वाचून अंगावर काटा आला. वडिलांना वाचून दाखवलं. एवढंच विचारतो, स्क्वाड्रन ‘ती’ का?

खानापूरहून:
तुकडी ती, पलटण ती, फौज ती. त्यांच्या रांगेत बसवली. काकाही ‘आमची स्क्वाड्रन’ म्हणतात.

काकांनी काल कच्चा मजकूर वाचला आणि एक जागा दाखवली. पूंछच्या परिच्छेदात मी जाणाऱ्या खेपाच लिहिल्या होत्या. ते म्हणाले, ‘विमान परत रिकामं येत नाही बाळ. जखमी असतात, बायका-पोरं असतात.’ ते वाक्य आता असं आहे: ‘जाताना रसद, येताना माणसं, अशा खेपा वेढा उठेपर्यंत चालू राहिल्या.’