मदत हवी आहे: पीव्हीसी फिगर सारखी चिकट होतेय

मंडळी, वन पीस या जपानी कॉमिकमधल्या झोरोची फिगर (प्लास्टिकची छोटी मूर्ती) काचेच्या बंद कपाटात आहे, ऊन अजिबात लागत नाही, तरी पावसाळ्यात पाठीवर नि तिन्ही म्यानांवर चिकट थर येतो, बोट लावलं की ठसा उमटतो. पीव्हीसी मऊ ठेवणारं प्लास्टिसायझर बाहेर येतं म्हणून होतं म्हणे. कोमट पाणी आणि भांड्यांच्या लिक्विडने हलक्या हाताने धुतली, थोडे दिवस बरी, मग परत तेच. थिनर, स्पिरिट प्लीज सुचवू नका, रंग जाईल. दार उघडं ठेवलं तर खालच्या फळीवरच्या मांगाला (जपानी कॉमिक्सच्या पुस्तकांना) बुरशी धरेल (पानं आधीच पिवळी पडलीत), डोंबिवलीची दमट हवा, त्यात दुसऱ्या कपाटाला जागा नाही. मग ओलावा शोषणारं सिलिका जेल टाकून बंदच ठेवू, की झोरोला एकट्याला उघड्यावर काढू?