हॉटेलातला 'गेस्ट' : अतिथी, रहिवासी की उतारू?

मांडवीकाठ (पणजी): कळंगुटच्या एका हॉटेलची नियमावली मराठीत आणत आहे. खोली घेतलेला, त्याला भेटायला येणारा, नुसता जेवायला येणारा आणि महिनोन्महिने मुक्काम करणारा, अशा चौघांप्रती हॉटेलच्या जबाबदाऱ्या तिच्यात वेगवेगळ्या सांगितल्या आहेत. पहिल्याला मी 'अतिथी' आणि शेवटच्याला 'रहिवासी' म्हटले होते. वकिलांनी दोन्ही शब्द खोडले. पर्याय सुचवावेत.

फोंडेकर: 'अतिथी' खोडला हे योग्यच झाले. ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी. आगाऊ बुकिंग करून येणारा अतिथी कसा?

शब्दवेडी: ही फोड लोकप्रिय आहे, परंतु 'अत्', म्हणजे भटकणे, या धातूपासूनही तो शब्द साधतात. शिवाय पाहुण्याकडून आपण पैसे घेत नाही, हॉटेल घेते, आणि हॉटेलची जबाबदारी त्यातूनच उभी राहते.

सासष्टी: 'रहिवासी'वरचा आक्षेप मला पटतो. गोव्यात राहण्याला कायद्याचे वजन आहे: भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत त्याच्या संमतीने घर करून राहिलेल्या मुंडकाराला १९७५ च्या कायद्याने संरक्षण दिले. हॉटेलात राहणाऱ्याला तसा हक्क नाही, म्हणून तिथे 'मुक्कामी' म्हणावे.

फोंडेकर: शब्द बदलून हक्क बदलत नाहीत. असोसिएटेड हॉटेल्स विरुद्ध कपूर या १९५९ च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले की भाडेपट्टा की केवळ परवानगी, हे कागदावरच्या नावावरून नव्हे, तर व्यवहाराच्या खऱ्या स्वरूपावरून ठरते.

शब्दवेडी: तरीही शब्द नेमका हवा. परदेशी माणूस मुक्कामाला आला की चोवीस तासांत त्याची माहिती सरकारला कळवावी लागते. तो नुसता जेवून गेला तर लागत नाही. 'ग्राहक' म्हटले की हा भेद पुसला जातो.

मांडवीकाठ: मग जेवायला येणाऱ्याचे काय?

सासष्टी: त्याला कमी लेखू नये. त्यानेही गाडीची चावी हॉटेलच्या माणसाच्या हाती दिली की गाडी सांभाळण्याची जबाबदारी हॉटेलवर येते, आणि 'गाडीमालकाच्या जोखमीवर' अशी पाटी लावून निष्काळजीपणा झाकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटले आहे.

फोंडेकर: खोली घेणाऱ्यासाठी माझे मत 'उतारू'ला. 'कुठे उतरलात?' असेच आपण विचारतो.

शब्दवेडी: उतारू बसमध्ये आणि फेरीबोटीत असतात. हॉटेलच्या पाटीवर तो शब्द वाचून कोणालाही प्रवासीच आठवेल.

फोंडेकर: उतरण्याच्या जागेला 'उतारा' म्हणणारी मराठी जुनी आहे. ती आपणच टाकून दिली.