सलाईन म्हणजे जेवण नव्हे हो

वर एका ताईंनी लिहिलंय की भाचा पीआयसीयूत (लहान मुलांच्या आयसीयूत) व्हेंटिलेटरवर आहे, सलाईन चालूच आहे मग नाकातून नळी घालून दूध कशाला देतायत, बिचाऱ्याला उगाच त्रास. ताई, आमच्या लेकाच्या वेळी मलाही अगदी असंच वाटलेलं. पण हिशोब बघा, ५% डेक्स्ट्रोजच्या (म्हणजे साखरेच्या सलाईनच्या) अख्ख्या लिटरभर बाटलीत साखर ५० ग्रॅम, म्हणजे जेमतेम १७० कॅलरी, आणि प्रोटीन शून्य! मोठ्या आजारपणात शरीर स्वतःचेच स्नायू मोडून खातं, म्हणून तर घरी आल्यावर पोराचे हातपाय काडीसारखे झालेले, जिना चढवेना त्याला. बीपी वगैरे स्थिर असेल आणि आतडं चालत असेल तर शक्यतो पहिल्या २४ ते ४८ तासांतच नळीने थोडं थोडं सुरू करतात, प्रोटीन किलोमागे दिवसाला निदान १.५ ग्रॅम धरून. तान्हं बाळ असेल तर आईचं दूधही नळीनेच जातं.

आणि ते दादा म्हणतायत ना पहिल्या दिवसापासून सगळं पोषण (साधं सलाईन नव्हे, प्रोटीन-फॅट असलेलं खास द्रावण) शिरेतूनच द्या, तर २०१६ मधे पेपॅनिक नावाचा अभ्यास आला, बेल्जियम, नेदरलँड्स, कॅनडातली १४४० मुलं. शिरेतलं पोषण लगेच दिलेल्यांत नवीन इन्फेक्शन १८.५%, आठवडाभर थांबलेल्यांत १०.७%. उलटंच निघालं की!

बाकी घरून वरणाचं पाणी नेऊन गुपचूप पाजू नका (आमच्या आत्याबाईंनी डबा आणलेला, सिस्टर जाम भडकल्या), त्यापेक्षा रोज राउंडला आज फीड किती गेलं, वजन किती, एवढं विचारा.