मदत हवी आहे: इंद्रजाल कॉमिक्सच्या गंजलेल्या पिना काढू का?

मंडळी, वडिलांच्या ट्रंकेतले मराठी इंद्रजाल अंक पुन्हा वाचतोय. वेताळ (म्हणजे फँटम) आता एकसुरी वाटतो (दर वेळी तोच कवटीचा ठसा!), पण आबिद सुरतींचा १९७६चा बहादूर अजून टवटवीत. केशरी कुर्ता, जीन्स आणि समोर डाकू. गोविंद ब्राह्मणियांची चित्रं तर झकासच. नव्यातली ‘भीमायन’ ही डॉ. आंबेडकरांवरची चित्रकादंबरीही आवडली. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांनी चौकोनी चौकटींना सरळ फाटाच दिलाय.

अडचण अशी की इंद्रजालच्या पिना पार गंजल्यात. मधल्या पानावर तपकिरी डाग पडलेत, कडा बोट लावताच तुटतात. पिना काढून दोऱ्याने शिवलं तर संग्राहक नाक मुरडतील का? आणि कोकणातल्या दमट हवेत साध्या प्लास्टिकच्या पिशव्या चालतील की मायलारच (पॉलिएस्टरची पारदर्शक फिल्म) घ्यावं? स्वतः करून पाहिलेल्यांनीच सांगा. बहादूरचे जास्तीचे मराठी अंक असतील तर अदलाबदलीलाही तयार आहे.