शब्दचर्चा : ‘जनुकीय’ म्हणजे ‘आनुवंशिक’च का? आणि ‘कायनेज’ला काय म्हणायचं?

निळी शाई :
माझ्या मोठ्या दिरांना गेल्या पावसाळ्यात रक्ताचा कर्करोग निघाला. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया. डॉक्टर नुसतं ‘सीएमएल’ म्हणतात. रिपोर्टवर ठळक ओळ होती, ‘बीसीआर-एबीएल-१ पॉझिटिव्ह’. डॉक्टर म्हणाले, हा जनुकीय बदल आहे, रोज गोळी घ्यायची, आजार आटोक्यात राहतो. घरी पोचेपर्यंत ‘जनुकीय’चं ‘आनुवंशिक’ झालं. पुतणीचं लग्न ठरत आलं होतं. रात्री जाऊबाईंचा फोन, “पोरीलाही होणार का गं? मुलाकडच्यांना सांगावं लागेल का?”

मी भाषांतराचं काम करते. आता अशा घरांसाठी दोन पानांचं मराठी माहितीपत्रक लिहायला घेतलंय आणि चार शब्दांवर अडले आहे : जनुकीय, कायनेज (पेशीतलं एक प्रकारचं विकर, म्हणजे एन्झाइम), ट्रान्सलोकेशन आणि फ्यूजन जीन. जाणकारांनी मदत करावी.

रानजाई :
ताई, मी पॅथॉलॉजीत आहे. पहिला शब्द आधी सोडवू, कारण त्याच्यापायी माणसं रात्रभर जागतात.

जनुकात झालेला कोणताही बदल ‘जनुकीय’. तो आईवडिलांकडून आला असेल तरच ‘आनुवंशिक’. तुमच्या दिरांमधला बदल त्यांच्या जन्मानंतर, अस्थिमज्जेतल्या एखाद्या मूळपेशीत झाला. त्या पेशीच्या पिल्लावळीत तो आहे, बीजपेशींत (ज्यांतून मूल होतं त्या पेशींत) नाही. त्यामुळे तो पुतणीकडे जात नाही. माहितीपत्रकात ‘जनुकीय’ एकटा सोडू नका. ‘जन्मानंतर झालेला जनुकीय बदल’ असं प्रत्येक वेळी लिहा, लांबलं तरी चालेल.

दुसरी चूक मी रोज ऐकते, ‘त्यांना एबीएल जनुक आहे’. अहो, ते तुम्हाला आहे, मलाही आहे. एबीएल-१ सगळ्यांच्या ९व्या गुणसूत्रावर असतं आणि बीसीआर २२व्यावर. आजारात दोन्ही गुणसूत्रांचे तुकडे तुटून एकमेकांच्या जागी जोडले जातात. हेच ‘ट्रान्सलोकेशन’. २२वं गुणसूत्र आखूड होतं. ते आखूड गुणसूत्र नोवेल आणि हंगरफोर्ड यांनी १९६० साली फिलाडेल्फियात पाहिलं, म्हणून ‘फिलाडेल्फिया गुणसूत्र’. पण हरवलेला तुकडा गेला कुठे, हे १९७३मध्ये शिकागोच्या जॅनेट राउली यांनी दाखवलं. गुणसूत्रांच्या फोटोंची कात्रणं त्या घरच्या जेवणाच्या टेबलावर मांडून जुळवत बसायच्या. मला हा प्रसंग फार प्रिय आहे. आजही विद्यार्थ्यांना सांगताना आवाज हलतो.

पाटीपेन्सिल :
‘ट्रान्सलोकेशन’ला ‘स्थानांतरण’ लिहू नका, ही विनंती. दहावीच्या विज्ञानात प्रतिलेखन, भाषांतरण, स्थानांतरण अशी तिकडी आहे. तिथलं स्थानांतरण म्हणजे प्रथिन बनत असताना रायबोझोमचं पुढे सरकणं. इंग्रजी शब्द एक, गोष्टी दोन. पुतणीनं दहावीत हे पाठ केलं असणार, तिचा गोंधळ होईल. इथे सरळ ‘तुकड्यांची अदलाबदल’ म्हणा. अदलाबदल म्हटलं की दोन्हीकडून काहीतरी गेलं, हे आपोआप कळतं. ‘स्थानांतरणा’त ते येत नाही.

निळी शाई :
‘अदलाबदल’ घेतलाच! ‘कायनेज’साठी मी ‘प्रेरक’ योजला होता. मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ ‘हलवणे, चालना देणे’ असा आहे ना?

रानजाई :
अर्थ बरोबर, पण शब्द नको. हार्मोनला ‘संप्रेरक’ रूढ आहे, कॅटलिस्टला ‘उत्प्रेरक’. त्यांच्या शेजारी ‘प्रेरक’ आला की तिघांची सरमिसळ. शिवाय ‘प्रेरक’मधून काम कळत नाही. काम एवढंच : एटीपी या पेशीतल्या ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूतून फॉस्फेट काढायचा आणि दुसऱ्या प्रथिनावर चिकटवायचा. तो चिकटला की त्या प्रथिनाचं वागणं बदलतं. एबीएल-१ जनुकापासून बनणारं प्रथिन तो ‘टायरोसिन’ नावाच्या अमिनो आम्लावर चिकटवतं, म्हणून टायरोसिन कायनेज. (टायरोसिनमध्ये ग्रीक ‘चीज’ लपलंय, ते पहिल्यांदा चीजमधून मिळालं होतं.)

जुना वाचक :
मला हे पटत नाही. विकर, गुणसूत्र, जनुक असे शब्द घडवणारी भाषा आपली. ‘कायनेज’ तसाच ठेवणं म्हणजे हात वर करणं. ‘फॉस्फेटदाता विकर’ का नको?

रानजाई :
काका, तुमची कळकळ मला कळते. पण फॉस्फेट देतं ते एटीपी. कायनेज फक्त नेऊन चिकटवतं. म्हणजे ‘दाता’ चुकीचा ठरतो. आणि माणसाच्या शरीरात ५००हून अधिक कायनेज आहेत, त्यांच्यासाठी रिपोर्टवर शब्द ‘कायनेज’ असाच येणार. शब्द आपण अमायलेज, लायपेज या विकरांच्या रांगेत बसवूया : कायनेज, नपुंसकलिंगी, ‘ते कायनेज’. ‘किनेज’ नको. नवा शब्द जिथे खरोखर उजेड पाडतो, तिथे मी तुमच्या बाजूची. ‘फ्यूजन जीन’ घ्या, म्हणजे अदलाबदलीत बीसीआर आणि एबीएल-१ जोडून झालेलं जनुक. त्याला ‘जोडजनुक’ म्हणूया का? जोडाक्षर प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक आहे.

जुना वाचक :
‘जोडजनुक’ उत्तम. क आणि ष मिळून ‘क्ष’ झाला की त्यात दोन्ही अक्षरं ओळखूही येत नाहीत. माझी हरकत मागे.

निळी शाई :
पण जोडल्यानं एवढं काय बिघडतं? दोन्ही जनुकं मुळात निरोगीच ना?

रानजाई :
मूळचं एबीएल स्वतःला मिटून ठेवतं, निरोप आला तरच उघडतं. जोडजनुकापासून बनलेल्या प्रथिनात ते मिटून धरणारं टोक उरत नाही. त्यात बीसीआरचा भाग अशी प्रथिनं एकमेकांजवळ ओढतो आणि ती एकमेकांना चालू करत राहतात. खटका दाबलेलाच राहतो; पांढऱ्या पेशी वाढत सुटतात. दिरांची गोळी, म्हणजे इमॅटिनिब, एटीपी बसतो त्याच खाचेत जाऊन बसते, म्हणून कायनेजला एटीपी मिळत नाही. अमेरिकेत तिला २००१ साली मान्यता मिळाली. आपल्याकडे १ एप्रिल २०१३ला सर्वोच्च न्यायालयानं तिच्या एका स्फटिकरूपाचं पेटंट नाकारलं, म्हणून इथल्या कंपन्यांची स्वस्त गोळी मिळत राहिली.

एक शब्दखूण सांगते. नावाच्या शेवटी ‘-टिनिब’ असेल, तर औषध टायरोसिन कायनेज रोखणारं. डॅसॅटिनिब, निलोटिनिब, सगळी त्याच घरातली. दिरांची गोळी पुढे बदलली, तरी जाऊबाईंना चिठ्ठीवर हे शेपूट ओळखता येईल.

पाटीपेन्सिल :
मग ‘आनुवंशिक’ हा शब्द कायनेजांच्या बाबतीत वापरायचाच नाही का?

रानजाई :
वापरायचा, आणि नेमका वापरायचा. ‘रेट’ हेही टायरोसिन कायनेजचंच जनुक. त्यातला बदल काही कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या उतरतो आणि थायरॉइडचा एक विशिष्ट कर्करोग होतो. तिथे मुलांची तपासणी करावीच लागते. म्हणून दोन्ही शब्द जपायचे आणि वेगळे ठेवायचे. सगळ्याला ‘आनुवंशिक’ म्हटलं तर एक घर विनाकारण घाबरतं, सगळ्याला ‘नुसतं जनुकीय’ म्हटलं तर दुसरं घर गाफील राहतं.

निळी शाई :
पहिला परिच्छेद असा जमलाय :

‘या आजारात, जन्मानंतर कधीतरी, रक्त बनवणाऱ्या एका पेशीत ९व्या आणि २२व्या गुणसूत्राच्या तुकड्यांची अदलाबदल होते. त्यातून बीसीआर-एबीएल-१ हे जोडजनुक तयार होतं. त्यापासून बनणारं कायनेज थांबायचं विसरतं. हा बदल आईवडिलांकडून आलेला नसतो आणि मुलांकडे जात नाही.’

काल जाऊबाईंना फोनवर वाचून दाखवला. शेवटचं वाक्य त्यांनी तीनदा म्हणायला लावलं. मग विचारलं, “पण पॉझिटिव्ह म्हणजे चांगलं ना?” इतके महिने त्या तसंच समजत होत्या, आणि आमच्या कुणाच्या लक्षातही आलं नाही.

रानजाई :
तो शब्द माझ्या यादीत पहिला हवा होता. ‘पॉझिटिव्ह’ काढा, ‘जोडजनुक आढळले’ लिहा. आणि पुढच्या तपासणीत जोडजनुकाची टक्केवारी येईल, तिथे ‘कमी होणे चांगले’ हे तीन शब्द जोडा.