यादृच्छिक क्रम हवाच, पण तो पानागणिक बदलू नये

सोप्या इश्यूंची (सॉफ्टवेअर प्रकल्पात नोंदवलेल्या दोषांची व कामांची) यादी ‘सर्वांत नवीन आधी’ अशी न लावता यादृच्छिक क्रमाने दाखवावी, या सूचनेशी मी सहमत आहे. तारखेच्या क्रमात पहिल्या पानावरच्या इश्यूंवर सगळ्यांची झुंबड उडते आणि मागच्या पानावरचा तितकाच सोपा इश्यू कोणी उघडूनही पाहत नाही. मात्र क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला पाठवायच्या विचारणेत, नुसते ‘ऑर्डर बाय रँडम’ (यादृच्छिक क्रमाने लाव) लिहून भागणार नाही, कारण प्रत्येक विनंतीला क्रम नव्याने ठरतो. पहिल्या पानावर पाहिलेला इश्यू दुसऱ्या पानावर पुन्हा समोर येतो आणि एखादा कोणत्याच पानावर दिसत नाही.

त्यापेक्षा वाचकाच्या सत्रासाठी एक बीजसंख्या (जिच्यावरून यादृच्छिक क्रम ठरतो ती संख्या) ठरवावी, ती यूआरएलमध्ये ठेवावी आणि इश्यूचा क्रमांक व ही संख्या जोडून काढलेल्या हॅशनुसार (ठरावीक सूत्राने मिळणाऱ्या, पण यादृच्छिक भासणाऱ्या संख्येनुसार) यादी लावावी. असे केले की मधेच एखादा नवा इश्यू आला तरी उरलेल्यांचा आपापसांतला क्रम तसाच राहतो आणि दुवा पाठवला तर समोरच्यालाही तीच यादी दिसते, जी दोष शोधताना फार उपयोगी पडते.

ब्राउझरमध्येच यादी पिसायची असेल, तर सॉर्टच्या तुलना-फलनातून (दोन घटकांपैकी आधी कोणता हे सांगणाऱ्या फंक्शनमधून) यादृच्छिक उत्तर परत करण्याची पळवाट कृपया टाळावी. तिच्यात सगळे क्रम समसंभाव्य नसतात. त्याऐवजी संख्याशास्त्रज्ञ फिशर आणि येट्स यांनी १९३८ मध्ये मांडलेली पिसण्याची पद्धत वापरावी; ती आजच्या रूपात चार-पाच ओळींत बसते.

आणखी एक आग्रह: बंद झालेले आणि कोणाकडे तरी सोपवलेले इश्यू पिसण्यापूर्वीच गाळावेत.