शब्दचर्चा : संस्था, महाविद्यालय, विद्यापीठ

प्रश्न : भाचीने शिष्यवृत्तीच्या अर्जात ‘संस्थेचे नाव’ या रकान्यात कॉलेजचं नाव लिहिलं. अर्ज परत आला. तिथे म्हणे कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचं नाव हवं होतं. मग इन्स्टिट्यूटला आपण संस्था म्हणतो ते काय? कॉलेज, इन्स्टिट्यूट आणि विद्यापीठ वेगळं ओळखायचं कसं?

उत्तर : ताई, भाचीला बोल लावू नका. ‘संस्था’ या एका शब्दावर मराठीने दोन ओझी लादली आहेत. सोसायटी तीही संस्था, इन्स्टिट्यूट तीही संस्था. रयत शिक्षण संस्था (1919) पहिल्या अर्थाची, शाळा-कॉलेजं चालवणारी. शिक्षक ‘संस्थेची ऑर्डर आली’ म्हणतात ती हीच. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था (1917) दुसऱ्या अर्थाची, एका विद्याशाखेला वाहून घेतलेली.

राहिली दोन. महाविद्यालय शिकवतं, पदवी विद्यापीठ देतं. डेक्कन एज्युकेशन सोसायटी 1884 ची, तिचं फर्ग्युसन 1885 चं. पण पुण्याला विद्यापीठ मिळालं 1949 मध्ये. तोवर फर्ग्युसनमध्ये शिकलेल्यांच्या पदव्या मुंबई विद्यापीठाच्या. संस्था तीच, कॉलेज तेच, विद्यापीठ मात्र बदललं. घरातलं एखादं पदवी प्रमाणपत्र काढून बघा. माथ्यावर विद्यापीठाचं नाव, खाली कुलगुरूंची सही. ज्यांनी वर्गात शिकवलं त्यांचं नाव त्यावर कुठेच नसतं.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 1956 च्या कायद्याने पदवी देण्याचा अधिकार आणि नावात ‘युनिव्हर्सिटी’ लावण्याचा अधिकार, दोन्ही बांधून टाकले. ‘इन्स्टिट्यूट’ला असं कुंपण नाही. गल्लीतला टायपिंगचा क्लासही इन्स्टिट्यूट आणि पवईची आयआयटीही. आयआयटी विद्यापीठ नाही, तरी पदवी देते, कारण संसदेच्या 1961 च्या कायद्याने तिला तो अधिकार दिला. आयआयएमना तो 2017 च्या कायद्याने मिळाला. त्याआधी एवढ्या नावाजलेल्या ठिकाणांहूनही मुलं पदव्युत्तर पदविकाच घेऊन बाहेर पडत. माटुंग्याच्या व्हीजेटीआयच्या नावात इन्स्टिट्यूट आहे, पण ते मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालय. म्हणून पाटीवर विसंबू नये, पदवी कोणाची मिळणार ते विचारावं.

येरवड्याचं डेक्कन कॉलेज तर तिन्ही शब्द एकत्र नांदवतं. 1821 मध्ये विश्रामबागवाड्यात पाठशाळा म्हणून सुरुवात, 1864 मध्ये डेक्कन कॉलेज हे नाव. टिळक-आगरकर इथलेच विद्यार्थी. 1934 मध्ये ते बंद पडलं, 1939 मध्ये संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडलं, आणि पुढे अभिमत विद्यापीठ, म्हणजे विद्यापीठाचा दर्जा दिलेली ‘डीम्ड युनिव्हर्सिटी’, झालं. आज पूर्ण नाव ‘डेक्कन कॉलेज पदव्युत्तर आणि संशोधन संस्था’, कंसात ‘अभिमत विद्यापीठ’. त्या नावातला प्रत्येक शब्द इतिहासाचा एकेक थर आहे, आणि पुरातत्त्व शिकवणाऱ्या वास्तूला ते फार शोभतं.

(जाता जाता : शिक्षणात ‘डीम्ड’ म्हणजे अभिमत, आणि गृहनिर्माण संस्थेच्या कागदात तोच शब्द मानीव होतो. मानीव अधिक सोपा आहे. तोच दोन्हीकडे चालला असता.)

पुरवणी प्रश्न : हिंदीत इन्स्टिट्यूटला संस्थान म्हणतात. आपणही म्हटलं तर गोंधळ मिटेल ना?

उत्तर : मिटणार नाही, वाढेल. मराठी कानाला संस्थान म्हणजे औंध, सांगली, नाहीतर शिर्डीचं साईबाबा संस्थान. ‘प्रौद्योगिकी संस्थान’ हिंदीत शोभतं; आपल्याकडे ‘तंत्रज्ञान संस्था’च बरं. आपण विश्वविद्यालय न म्हणता विद्यापीठ म्हणतो, तसंच हे. माझं मत असं, की संस्थेला एकटं सोडू नये. इन्स्टिट्यूट असेल तिथे काम सांगणारा शब्द आधी हवाच : संशोधन संस्था, प्रशिक्षण संस्था. तालुक्याच्या आयटीआयवर ‘शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था’ असं पूर्ण लिहिलेलं असतं आणि कुणाचा घोटाळा होत नाही. अर्जाच्या त्या रकान्यातही ‘चालक संस्थेचे नाव’ एवढं छापलं असतं, तर भाचीचा हेलपाटा वाचला असता.